घरातले झाड : वृंदावनापासून कुंडीपर्यंत

१

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते मुख्यतः विंचूरकर सरदारांमुळे. मूळच्या दाणी आडनावाच्या विठ्ठल शिवदेव यांनी पेशवाईत तलवारीच्या बळावर नाव मिळविले, विंचूरचा सरंजाम संपादिला, आणि पुढे गावाच्या नावावरूनच त्यांचे घराणे ओळखले जाऊ लागले. १७६१ च्या पानिपतच्या संग्रामाच्या वृत्तांतांत त्यांचे नाव येते. १८१८ मध्ये पेशवाई गेली, तरी दख्खनच्या प्रमुख सरदारांत या घराण्याची गणना होत राहिली. पुण्यातील विंचूरकर वाड्यात लोकमान्य टिळकांचे काही वर्षे वास्तव्य होते व १८९४ मध्ये तेथे त्यांनी सार्वजनिक गणपती बसविला. या सर्व गोष्टींना कागदाचा आधार आहे. मोहिमा, सनदा, सरंजाम, वाटण्या यांच्या नोंदी इतिहासकाराला हाताशी मिळतात.

परंतु अशा वाड्यांच्या चौकातील तुळशीला रोज सकाळी पाणी कोण घालीत असे, पौषातील थंडीत तिला काय आडोसा करीत, ती वाळली म्हणजे नवे रोप कोठून येई, हे कोणत्याही यादीत शोधू गेल्यास सापडावयाचे नाही. त्याचे कारण उघड आहे. दफ्तर हे मुख्यतः देण्याघेण्याचे असते. बागेला माळी असे, माळ्याला मुशाहिरा असे, म्हणून बाग दफ्तरात शिरली. घरातल्या झाडाची निगा घरातील स्त्रिया राखीत. त्या कामाला वेतन नव्हते, म्हणून त्याची नोंद करण्याचे दफ्तराला कारणही नव्हते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. राज्यकर्त्यांचे व्यवहार समजून घेण्यास ती सामग्री अमोल आहे. तुळशीपुढच्या नित्याच्या कामाचा इतिहास मात्र अन्यत्र शोधावा लागतो.

घरात झाडे वाढविण्याची हौस इंग्रजी अमदानीत साहेबांच्या बंगल्यांतून आपल्याकडे आली, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. 'इनडोअर प्लांट' या शब्दाला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही, हे त्याला प्रमाण म्हणून सांगितले जाते. प्रतिशब्द नाही हे खरे. तथापि त्यावरून वस्तूच नव्हती असे अनुमान काढणे युक्त नव्हे. ज्या वस्तूला वेगळे काढून नाव देण्याची गरज पडत नाही, तिलाही पुष्कळदा स्वतंत्र नाव नसते. हा समज तपासून पाहणे, आणि कागद जेथे मुके आहेत तेथे शब्दांची साक्ष काढणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

प्रथम 'घरात' म्हणजे कोठे, हे ठरविले पाहिजे. युरोपातील थंड प्रदेशांत घर म्हणजे छपराखालची, भिंतींनी बंद केलेली जागा. तेथे घरातील झाड म्हणजे छपराखालचे, काचेच्या खिडकीशी ठेवलेले झाड. महाराष्ट्रातील जुन्या घराची घडण निराळी होती. अंगण, ओसरी, माजघर, चौक, न्हाणी आणि परसू हे सारे मिळून घर होत असे. यांतील 'माजघर' हा शब्द संस्कृत 'मध्यगृह' यापासून, 'चौक' हा 'चतुष्क' यापासून आणि 'न्हाणी' हा 'स्नान' यापासून आला आहे. चौक हा घराच्या पोटात असतो, पण त्यावर छप्पर नसते. चारी बाजूंच्या सोप्यांतून त्याकडे वाट असते. पाऊस, ऊन व चांदणे त्यात थेट उतरते. रात्री वाड्याची दिंडी बंद झाली म्हणजे चौकातील तुळस घराच्या आत राहत असे. ती बाहेर होती असे कोणी म्हणू शकणार नाही. छपराखाली होती असेही म्हणता येणार नाही.

लहान घरांत ही सोय वेगळ्या रीतीने साधली जाई. नाशिक जिल्ह्यातील कोरड्या भागात मातीच्या सपाट छपराची धाब्याची घरे असत. अशा घराला चौक नसे. तुळस पुढच्या अंगणात आणि उपयोगाची झाडे मागील परसात, अशी विभागणी असे. न्हाणीचे व मोरीचे सांडपाणी ज्या वाटेने जाई त्या वाटेवर अळू, केळ, गवती चहा लावीत. पाणी कमी मागणारी कोरफड कडेला असे. पाण्याचा एक थेंबही वाया न घालविण्याची ही व्यवस्था पर्जन्यछायेतील गावात किती मोलाची होती, हे सांगावयास नको.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. युरोपात बंद घरात झाड आणले गेले. महाराष्ट्रात झाड, पाऊस आणि ऊन यांसाठी घराचा मधला भाग उघडा ठेवला गेला. चौक बांधण्याची कारणे अनेक होती. हवा, उजेड, कामाची जागा, पाहुण्यांची ऊठबस, ही सर्व त्यांत येतात. तथापि त्या उघड्या जागेचे केंद्र तुळशीला मिळाले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

३

घरातील झाडांची जोपासना ही स्त्रीची जबाबदारी, ही कल्पना फार जुनी आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील भार्याधिकारिक अधिकरणात गृहिणीने घरालगतच्या वाडीत भाजीचे वाफे करावेत, तसेच मल्लिका, जाती, नवमालिका, कुरंटक, जपा इत्यादी फुलझाडे लावावीत, असे सांगितले आहे. मल्लिका व जपा ही अनुक्रमे मोगऱ्याच्या कुळातील फुलझाड व जास्वंद होत. जाती म्हणजे आजची जाई. घरातील स्त्रीने कोणती झाडे लावावीत याची ही यादी दीड हजार वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्यातील बहुतेक नावे आजच्या मराठी परसात ओळखता येतात.

कालिदासाच्या शाकुंतलात पहिल्याच अंकात आश्रमकन्या झाडांना पाणी घालताना दिसतात, आणि शकुंतलेपेक्षा तातांना आश्रमातील झाडेच अधिक प्रिय असावीत असा विनोद तिची सखी करते. रघुवंशाच्या पहिल्या सर्गात मुनिकन्या झाडांना पाणी घालून लगेच बाजूस होतात, ते पाखरांना निर्भयपणे पाणी पिता यावे म्हणून. दोन्ही ठिकाणी झाडाच्या बुंध्याभोवतीच्या खळग्यास 'आलवाल' हा शब्द आहे. मराठीतील 'आळे' तो हाच. संस्कृत काव्यातील आलवाल शाळेत अर्थ सांगून शिकवावे लागते. परंतु 'आळे कर आणि मग पाणी घाल' असे आजही घरात सहज म्हटले जाते. काव्यातील शब्द ग्रंथात राहिला. कामातील शब्द तोंडात राहिला, झिजला, आणि म्हणूनच टिकला.

'कुंडी' या शब्दाचे वय त्याहूनही अधिक आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील ४.१.४२ या सूत्राने 'कुंड' या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप 'कुंडी' हे भांडे या अर्थी सिद्ध होते. पाणिनीच्या काळी कुंडीत झाड लावीत होते असा याचा अर्थ नव्हे. शब्द भांड्याचा आहे, झाडाचा नाही. परंतु झाडासाठी भांडे वापरण्याची वेळ आली तेव्हा मराठीला नवा शब्द शोधावा लागला नाही. घरातला शब्दच पुढे झाला. परक्या वस्तूबरोबर बहुधा परका शब्द येतो. 'कुंडी' परकी वाटली नाही, ही गोष्टही पुराव्याच्या कोटीतली आहे.

'वृंदावन' या शब्दाचा प्रवास अधिक रोचक आहे. मुळात हे मथुरेजवळच्या वनाचे नाव. पुराणकथेत जालंधराची पत्नी वृंदा तुळस झाली, आणि मराठीत तुळशीच्या चौकोनी ओट्याला 'वृंदावन' म्हणू लागले. एक संबंध वन हातभर रुंदीच्या बांधकामात सामावले. अर्थसंकोचाचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. काही पंथांत साधुपुरुषाच्या समाधीसही वृंदावन म्हणतात. उलट इंद्रावणाच्या कडू फळाला 'कडू वृंदावन' हे नाव आहे. घर, स्मशान आणि रान या तिन्ही ठिकाणी एकच शब्द फिरतो.

हे वृंदावन चालतेही. आषाढीच्या वारीत स्त्रिया लहान वृंदावन डोक्यावर घेऊन पंढरपूरपर्यंत पायी जातात. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, तिच्याबरोबरही हे दृश्य दिसते. एवढ्या वाटचालीत ते रोप वाळू न देणे हे भक्तीइतकेच जोपासनेचे काम आहे. भांड्यात लावलेले, घरातून उचलून नेता येणारे झाड महाराष्ट्राला अपरिचित होते असे म्हणणाऱ्याने वारीकडे एकवार पाहावे.

४

यानंतर फारसी शब्दांचा थर येतो. 'बाग', 'बगीचा', 'गुलाब' हे शब्द त्या थरातले. 'गुलाब' म्हणजे मुळात गुलाबपाणी. हिंदुस्थानात ते फुलाचे नाव झाले. याउलट मोगरा हा 'मुद्गर' यापासून, जुई 'यूथिका' यापासून, दवणा 'दमनक' यापासून आणि मरवा 'मरुबक' यापासून आलेला आहे. स्थूलमानाने असे दिसते की, भव्य, आखीव, नोकरांकडून राखल्या जाणाऱ्या जागेचे शब्द दरबारी भाषेतून आले, आणि चौकात, परसात, वेणीत व देव्हाऱ्यात वावरणाऱ्या झाडांची नावे प्राकृतातून झिजत घरात उतरली. 'माळी' हा शब्द अर्थातच संस्कृत कुळातला आहे. म्हणून हा नियम निरपवाद मानू नये.

मात्र एक फारसी शब्द बागेत न थांबता थेट माजघरापर्यंत गेला, तो म्हणजे 'निगा'. फारसी 'निगाह' याचा अर्थ दृष्टी. 'निगाह दाश्तन', म्हणजे अक्षरशः दृष्टी ठेवणे, हा प्रयोग फारसीत राखणे, सांभाळणे या अर्थी रूढ आहे, आणि मराठीतील 'निगा राखणे' त्याचेच प्रतिरूप आहे. शिवकालातील राज्यव्यवहारकोशाने दरबारी व्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. परंतु घरगुती बोलीत मुरलेला 'निगा' तसाच राहिला. आजारी माणसाची, तान्ह्या मुलाची, गुरावासरांची आणि झाडाची निगाच राखतात. शब्दाच्या मुळाशी पाहणे आहे. पाणी, खत, माती या पुढच्या गोष्टी होत. आधी रोज पाहिले पाहिजे, असे हा शब्द सांगतो.

झाडाविषयीची मराठी क्रियापदेही ध्यानी घेण्याजोगी आहेत. रोप 'लागते', 'जीव धरते', 'तरारते', 'मान टाकते'. त्याला 'जगवावे' लागते. तुळशीची पाने 'खुडावयाची' असतात. झाड 'तोडणे' हा शब्द तिच्या बाबतीत कानाला खटकतो. ही सर्व क्रियापदे सजीवाच्या, बहुशः लहान मुलाच्या वर्णनातली आहेत. ज्यांचा दिवस लहान मुले आणि झाडे या दोहोंत जात असे, त्यांच्या तोंडून ही भाषा घडली असावी, हे अनुमान साहसाचे होणार नाही.

५

विंचूरच्या परिसरात ही निगा कशास सामोरी जात असे, हे तेथील भूमी व हवा पाहिल्यावर कळते. गोदावरी व कादवा या नद्यांच्या खोऱ्यातील काळी माती पाणी धरून ठेवते, पण वाळली की तिला भेगा पडतात. शेतात हा गुण आहे, कुंडीत दोष आहे. नुसती काळी माती कुंडीत भरली तर पावसाळ्यात मुळे कुजतात व उन्हाळ्यात माती कडेपासून सुटून पाणी बाजूने वाहून जाते. तिच्यात वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे आणि कुंडीच्या तळच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा, ही युक्ती म्हणूनच आली.

दुसरे संकट थंडीचे. निफाड तालुका हा महाराष्ट्रातील अतिशीत भागांपैकी होय; पारा चार-पाच अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो. तुळस उष्ण प्रदेशातली. अशा थंडीत तिची पाने काळवंडतात व गळतात. तशात तिचा फुलोरा थंडीपूर्वीच भरास आलेला असतो. तुळस अल्पायुषी आहे. मंजिऱ्या झाडावर पिकू दिल्या की तिची शक्ती बियांत जाते, खोड लाकडी होते आणि झाड उतरणीस लागते. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या तर नवी पालवी फुटते. मंजिरी देवाला वाहण्याच्या रूढीने हे काम आपोआप होत असे.

याच गावाच्या शिवारात आज द्राक्षाचे मांडव आहेत, आणि २००१ च्या राज्याच्या द्राक्ष-प्रक्रिया धोरणानंतर विंचूर येथे औद्योगिक विकास महामंडळाचे वाइन पार्कही झाले. द्राक्षवेलीची एप्रिलमधील खरडछाटणी आणि ऑक्टोबरमधील फळछाटणी यांच्या तारखा शेतकऱ्यांच्या वह्यांत असतात, त्यांवर व्याख्याने होतात, पुस्तिका निघतात. वेलीची छाटणी आणि तुळशीची मंजिरी खुडणे या दोहोंच्या मुळाशी एकच ज्ञान आहे: योग्य वेळी शेंडा काढला की झाडाची शक्ती हव्या त्या दिशेस वळते. एकाला शास्त्र म्हटले गेले आणि दुसऱ्याला रीत. हा भेद ज्ञानातला नव्हे, नोंदीतला आहे.

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचे लग्न लागते. त्यासाठी वृंदावन सारवतात किंवा रंगवतात, आणि उसाचा मांडव करतात. थंडीच्या तोंडावर झाडाकडे बारकाईने पाहण्याची ही वार्षिक वेळ होती. नित्याची प्रदक्षिणाही तशीच. प्रदक्षिणा घालणारी स्त्री झाड रोज चारही बाजूंनी पाहत असे. कीड, वाळलेली फांदी, पडलेली बी व तिची उगवलेली रोपे तिच्या दृष्टीतून सुटत नसत. विधीचा हेतू जोपासना होता असा दावा येथे नाही. त्याचा परिणाम जोपासनेत होत होता, एवढेच म्हणावयाचे. शिवाय विधी सदैव झाडाच्या हिताचाच होता असेही नव्हे. प्रत्येकाने तांब्याभर पाणी ओतल्याने मुळे कुजत, आणि खोडाला टेकलेल्या निरांजनाने साल करपे. परंपरेचे मोजमाप करताना ही बाजूही दाखविली पाहिजे.

६

एकोणिसाव्या शतकात या व्यवस्थेशेजारी दुसरी उभी राहिली. पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ मध्ये सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत सरकारी वनस्पती-उद्यान स्थापन झाले आणि ते १८६५ पर्यंत चालले. तेथील अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात झाडांची चित्रे काढवून घेतली. ती आज एडिंबरा येथील राजकीय उद्यानात जतन केलेली आहेत. गिब्सन यांचे नाव उरले. चित्रे काढणाऱ्या हिंदी कलावंताचे नाव उरले नाही. नोंदीचा हाच न्याय येथेही दिसतो.

त्याच सुमारास लंडनमधील वैद्य नॅथॅनियल वॉर्ड यांच्या एका निरीक्षणाने वनस्पतींच्या जगभरच्या प्रवासाला गती मिळाली. १८२९ मध्ये बंद बाटलीत ठेवलेल्या ओल्या मातीत नेचे उगवलेले त्यांना आढळले. बाटलीतील पाण्याची वाफ काचेवर थिजून पुन्हा मातीत येत होती. या तत्त्वावर केलेल्या काचेच्या पेट्यांतून १८३३ मध्ये त्यांनी झाडे सिडनीपर्यंत सुखरूप धाडली, आणि १८४२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तत्पूर्वी समुद्रप्रवासात खारे वारे व पाण्याची टंचाई यांमुळे बहुतेक झाडे मरत असत. या पेट्यांमुळे उष्ण कटिबंधातील दाट रानांच्या सावलीत वाढणारी झाडे युरोपातील दिवाणखान्यांत पोहोचली, आणि एका वसाहतीतून दुसरीत झाडे हलविणेही सुलभ झाले. रंगीत पानांचे क्रोटन, नाना जातींचे नेचे, पामची झाडे साहेबांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात ओळीने मांडली जाऊ लागली. मुंबईस १८६२ मध्ये राणीचा बाग खुला झाला व लोकांनाही अशी झाडे पाहावयास मिळाली.

या झाडांबरोबर मात्र त्यांची परकी नावे आली: क्रोटन, पाम, फर्न. ती देवाला वाहावयाची नव्हती, वेणीत माळावयाची नव्हती, औषधाची नव्हती. ती शोभेची होती. 'शोभेचे झाड' ही कोटी मराठीत याच काळात दृढ झाली असावी. झाड पूर्वी घरात होतेच; नवीन होती ती केवळ शोभेसाठी झाड ठेवण्याची कल्पना. प्रारंभी उल्लेखिलेल्या समजात सत्याचा अंश असेल तर तो एवढाच.

विसाव्या शतकात चौकच नाहीसा होऊ लागला. मुंबईच्या चाळीत चौक असला तरी तो सर्वांचा असे. तुळस गॅलरीच्या कठड्यावर गेली, तीही डब्यात. घासलेटचा पत्र्याचा डबा आणि १९३७ नंतर बाजारात आलेल्या डालड्याचा पिवळा डबा हे कित्येक कुटुंबांचे वृंदावन झाले. तळाला खिळ्याने भोके पाडली की काम भागे. पुढे शहरांतील वाडे पडून त्या जागी फ्लॅट आले. मोठ्या गावांतही धाब्याची घरे जाऊन स्लॅबची घरे झाली. अंगण रस्त्यात गेले, परसू वाटणीत गेला, मोरीचे पाणी गटारात गेले. अळू आणि केळ ज्यावर जगत होती ते पाणीच परसातून निघून गेले.

७

या स्थित्यंतराचा परिणाम झाडावर काय झाला हे पाहण्यास दोन झाडांची तुलना पुरेशी आहे. एक तुळस आणि दुसरे मनी प्लांट. मनी प्लांट ही फ्रेंच पॉलिनेशियातील वेल. १८८० मध्ये युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ती रानातल्या झाडांच्या सावलीत वाढते, म्हणून खोलीतील अपुरा उजेड तिला चालतो. पेराशी तोडलेला तुकडा पाण्याच्या बाटलीत ठेवला तरी मुळे फुटतात. कुंडीत ती सहसा फुलत नाही. फुलोऱ्यास लागणारे जिबरेलिन हे द्रव्य तिच्यात पुरेसे बनत नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. तुळस उलट वर्षाला फुलते, बी टाकते आणि संपते. तिला सूर्य हवा. भर दुपारी उघड्यावर उजेड सुमारे १,००,००० लक्स असतो. खोलीत खिडकीपासून दूर तो काही शे लक्सच भरतो. डोळ्याला दोन्ही जागा उजेडाच्या वाटतात, कारण डोळा जुळवून घेतो. पानाला तसे जुळवून घेता येत नाही.

येथे हा विषय केवळ वनस्पतींचा राहत नाही. तुळस वाळणे हे अशुभ, ही समजूत आजही अनेक घरांत आहे. 'या घराला तुळस लाभत नाही' असे म्हटले जाते, आणि त्या वाक्याचा रोख पुष्कळदा घरात नव्याने आलेल्या सुनेकडे असतो. तिचा हात चांगला नाही, ती सोवळे पाळत नाही, तिचे मन त्यात नाही, अशी कारणे दिली जातात. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. जुन्या वाड्यातील तुळस टिकत होती ती उघड्या चौकात. आणि तेथेही दोन-तीन वर्षांत झाड उतरत असे, पण पडलेल्या बियांची रोपे शेजारीच असत, त्यामुळे वृंदावन रिकामे दिसत नसे. आज तीच तुळस उत्तरेच्या गॅलरीत, जाळीआड, भोक नसलेल्या चिनी मातीच्या कुंडीत ठेवली जाते, मंजिऱ्या खुडल्या जात नाहीत, आणि मग ती वाळली की दोष माणसाला लागतो. घराची रचना बदलली. जबाबदारी मात्र जुन्याच खांद्यावर राहिली. दफ्तराने या कामाचे श्रेय कधी नोंदविले नाही. अपयश मात्र नेमके नाव घेऊन नोंदविले जाते.

जुन्या शकुनाची जागा अलीकडे एका नव्या दाव्याने घेतली आहे. खोलीतील झाडे हवा शुद्ध करतात, असे जाहिरातींतून सांगितले जाते. याचा उगम १९८९ मधील 'नासा'च्या एका अभ्यासात आहे; तो लहान बंद पेट्यांत केलेला होता. २०१९ मध्ये कमिंग्ज व वॉरिंग यांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. नेहमीच्या वायुवीजनाने जेवढी हवा शुद्ध होते, तेवढी झाडांनी करावयाची तर प्रत्येक चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तुळस रात्रंदिवस प्राणवायू देते हे विधानही असेच सैल आहे. अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबते आणि श्वसन चालू राहते. शकुन असो वा शुद्ध हवा, झाडाने घरात राहण्याचे भाडे भरलेच पाहिजे असा दोन्हींचा आग्रह दिसतो. कामसूत्रातील यादीत किंवा आश्रमकन्यांच्या पाणी घालण्यात असा आग्रह दिसत नाही.

८

एकंदर विवेचनाचा निष्कर्ष असा. घरातले झाड महाराष्ट्रात इंग्रजांनी आणले नाही. आळे, कुंडी, वृंदावन, निगा या शब्दांत त्याचा दीर्घ इतिहास साठविलेला आहे, आणि तो मुख्यतः स्त्रियांच्या कामाचा इतिहास आहे. इंग्रजी अमदानीने शोभेच्या झाडाची कल्पना आणली, आणि विसाव्या शतकाने उघडा चौक काढून घेतला. पूर्वी घराची एक जागा झाडाच्या गरजेप्रमाणे उघडी असे. आता बंद घराच्या सोयीप्रमाणे झाड निवडले जाते. दोन्ही व्यवस्थांत झाड जगू शकते. मात्र एका व्यवस्थेतील झाड दुसरीत ठेवून ते का जगले नाही याचा जाब गृहिणीस विचारणे न्यायाचे नाही.

अभ्यासाच्या दृष्टीने एक काम तातडीचे आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला, महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागला, कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ मध्ये आला. घरातील झाडांविषयीचे बरेच शब्द त्यांत सापडतील. परंतु रोप कधी 'लागले' म्हणावयाचे, कोणत्या महिन्यात कोणती फांदी खुडावयाची, काळ्या मातीत वाळू किती घालावयाची, थंडीत पोत्याचा आडोसा कोणत्या बाजूने करावयाचा, हे शब्दकोशात नसते. ते विंचूरसारख्या गावांतील वयोवृद्ध स्त्रियांच्या बोलण्यात आहे. द्राक्षाच्या छाटणीची वही जशी ठेवली जाते, तशी याची वही अजून कोणी ठेवलेली नाही. विभागातील विद्यार्थ्यांनी ती ठेवण्यास आरंभ केला, तर ज्या कामाची नोंद दफ्तराने केली नाही त्याची पहिली नोंद त्यांच्या हातून होईल.